जळालेले दप्तर आणि न मिळालेले पदक

१/ एक वृद्ध सैनिक सरकारकडे अर्ज करतो : मी या युद्धात या तुकडीत होतो, मला मिळायला हवे होते ते सेवापदक मिळालेले नाही. काही महिन्यांनी उत्तर येते : आपल्या सेवेची नोंद उपलब्ध नाही. माणूस जिवंत आहे, त्याची स्मृती शाबूत आहे, कदाचित अंगावर जखमेचा व्रणही आहे. कागद मात्र नाही. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या लक्षावधी निवृत्त सैनिकांवर ही वेळ आली. हा प्रसंग का आला आणि कागदाशिवाय सेवा सिद्ध कशी करतात, हा आजच्या धाग्याचा विषय.

२/ मिझुरी राज्यात सेंट लुईस शहराच्या वेशीवर ओव्हरलँड नावाचे उपनगर आहे. तेथे एका सहा मजली इमारतीत अमेरिकेच्या निवृत्त सैनिकांची वैयक्तिक दप्तरे ठेवलेली असत. संस्थेचे नाव नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटर. १२ जुलै १९७३ रोजी मध्यरात्रीनंतर काही मिनिटांतच सहाव्या मजल्यावर आग दिसली. अग्निशमन दल वेळेवर पोहोचले, परंतु धूर आणि उष्णता इतकी होती की पहाटे जवानांना इमारतीतून माघार घ्यावी लागली. आग सुमारे २२ तास भडकत राहिली. ती पूर्ण विझल्याचे १६ जुलैला जाहीर झाले. आगीचे कारण निश्चितपणे कधीच सिद्ध झाले नाही.

३/ नुकसानीचा अंदाज १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख दप्तरे इतका आहे. १ नोव्हेंबर १९१२ ते १ जानेवारी १९६० या काळात भूदलातून सेवामुक्त झालेल्यांची सुमारे ८० टक्के दप्तरे गेली. म्हणजे पहिले महायुद्ध, दुसरे महायुद्ध आणि कोरिया, ही तिन्ही युद्धे त्यात आली. हवाईदलाच्या बाबतीत २५ सप्टेंबर १९४७ ते १ जानेवारी १९६४ या काळातली सुमारे ७५ टक्के दप्तरे नष्ट झाली. ती वर्णक्रमाने हबार्ड या आडनावाच्या पुढची होती. नौदल आणि मरीन कोअरची दप्तरे वाचली. कोणाचा पुरावा उरला हे त्याच्या पराक्रमावर ठरले नाही. दप्तर कोणत्या मजल्यावर होते आणि आडनाव कोणत्या अक्षराने सुरू होत होते, यावर ठरले.

४/ आग लागणे हा अपघात होता. तिचे परिणाम इतके व्यापक होणे हा अपघात नव्हता. १९५६ साली उघडलेल्या या इमारतीत दप्तरांच्या मजल्यांवर पाण्याचे स्वयंचलित फवारे नव्हते आणि आग अडवणाऱ्या आडव्या भिंतीही नव्हत्या. या दप्तरांच्या दुसऱ्या प्रती कधी काढल्या नव्हत्या, मायक्रोफिल्म केली नव्हती, सूचीही तयार केली नव्हती. त्यातच आगीपूर्वी लाखो कागद निवृत्त सैनिकांच्या कल्याण खात्याकडे उसने गेले होते. त्यामुळे नेमके काय जळाले, याचीदेखील पूर्ण यादी करता आली नाही.

५/ उरलेल्या कागदांवर दुसरे संकट पाण्याचे होते. लाखो गॅलन पाणी ओतल्यावर खालच्या मजल्यांवरची दप्तरे भिजली आणि जुलैच्या उकाड्यात बुरशी धरू लागली. भिजलेले कागद प्लास्टिकच्या क्रेटांत भरून सेंट लुईसच्याच मॅक्डॉनेल डग्लस या विमान कंपनीच्या भव्य निर्वात कक्षात वाळवण्यात आले. एका फेरीत सुमारे २००० क्रेट आत जात आणि त्यांतून जवळजवळ ८ टन पाणी निघे. अशा खटपटीतून सुमारे ६५ लाख जळकी आणि भिजलेली दप्तरे वाचली. ती आजही तापमान आणि आर्द्रता नियंत्रित करून वेगळी ठेवलेली आहेत.

६/ येथे एक शंका येईल. युद्ध १९४५ मध्ये संपले, आग १९७३ मध्ये लागली. मधल्या २८ वर्षांत सैनिकांनी पदके घेतली का नाहीत? एक कारण अगदी साधे आहे. युद्धकाळात धातूची टंचाई होती. मोहिमांची पदके जाहीर झाली, पण ती घडवली गेली नाहीत. सैनिकांना छातीवर लावण्याची रंगीत फीत तेवढी मिळाली. युरोप, आफ्रिका आणि मध्यपूर्व आघाडीचे पदक प्रथम जनरल आयझेनहॉवर यांना दिले गेले, तेच मुळी जुलै १९४७ मध्ये. तोवर बहुतेक सैनिक गणवेश उतरवून घरी, शेतावर किंवा कारखान्यात पोहोचले होते.

७/ दुसरे कारण घाई. मे १९४५ मध्ये अमेरिकी भूदलात ८० लाखांहून अधिक माणसे होती. पुढच्या वर्षभरात त्यांतली बहुतेक घरी पाठवायची होती. सेवामुक्तीच्या केंद्रांवर कारकून रात्रंदिवस दाखले टंकलिखित करत होते. एखाद्या मोहिमेचा उल्लेख राहिला, तुकडीचे नाव चुकले, जखमेचा रकाना कोरा राहिला, तरी घरी जायला आतुर झालेला २२ वर्षांचा तरुण त्यावर वाद घालत बसत नसे. त्या कोऱ्या रकान्याची किंमत त्याला साठीत कळली, तेव्हा मूळ दप्तर राखेत गेलेले होते.

८/ तिसरे कारण नियमांमधले बदल. १९४७ साली भूदलाने असे ठरवले की दुसऱ्या महायुद्धात ज्यांना प्रत्यक्ष लढाईबद्दल ‘कॉम्बॅट इन्फन्ट्रीमन बॅज’ हे पायदळाचे चिन्ह मिळाले होते, ते सारे ब्रॉन्झ स्टार या पदकासही पात्र समजावेत. मात्र त्यासाठी सैनिकाने स्वतः अर्ज करायचा होता. गणवेश सोडून गेलेल्या अनेकांना या निर्णयाची वार्ताही नव्हती. पुष्कळांना हे त्यांच्या मुला-नातवंडांनी फार उशिरा सांगितले.

९/ आता पुराव्याकडे वळू. सर्व पदकांना सारखा पुरावा लागत नाही. सेवापदकासाठी दोन गोष्टी पुरतात : माणूस त्या तारखांना सेवेत होता आणि त्या आघाडीवर होता. युद्धातल्या जखमेसाठी दिल्या जाणाऱ्या पर्पल हार्टला अधिक लागते : जखम शत्रूच्या कारवाईतून झाली, तिच्यावर वैद्यकीय उपचार झाले आणि त्या उपचारांची सरकारी नोंद झाली. शौर्यपदकाला वरिष्ठाची शिफारस आणि साक्षीदार लागतात. म्हणजे सन्मान जितका मोठा, तितका कागदांचा गठ्ठा जाड, आणि तितकीच एखादा कागद हरवण्याची शक्यता मोठी.

१०/ आगीनंतर सेंट लुईसच्या कर्मचाऱ्यांनी जे काम हाती घेतले, ते इतिहाससंशोधनाहून फारसे वेगळे नव्हते. अर्जदाराकडे एक प्रश्नावली जाते : सेवा क्रमांक कोणता? भरती कोठे झाली? शेवटची तुकडी कोणती? सेवेत केव्हा आलात आणि केव्हा सुटलात? या धाग्यादोऱ्यांवरून इतर कार्यालयांतले, इतर हेतूंनी ठेवलेले कागद शोधले जातात. सैन्य ही प्रचंड लेखी यंत्रणा असते. माणसाचे मुख्य दप्तर एकच असले, तरी त्याचे नाव आणखी पाच-सहा ठिकाणी उमटलेले असते.

११/ त्यांतले सर्वांत उपयोगी कागद म्हणजे मॉर्निंग रिपोर्ट. प्रत्येक कंपनी रोज वर एक अहवाल पाठवी. सगळ्यांची हजेरी त्यात नसे. ज्याच्या स्थितीत काही बदल झाला, त्याचेच नाव येई. कोणी नव्याने दाखल झाला, कोणी रजेवर गेला, कोणी रुग्णालयात, कोणी बेपत्ता, कोणी मृत. तुकडी आणि साधारण महिना सांगता आला, तर संशोधक त्या दिवसांचे अहवाल उलगडतो. अमुक दिवशी हा सैनिक जखमी होऊन रुग्णालयात गेला, एवढी एक ओळ सापडली तरी अर्धशतकापूर्वीची जखम पुन्हा अधिकृत होते.

१२/ दुसरा भक्कम साक्षीदार म्हणजे पगार. सेवेच्या अखेरीस दिलेल्या शेवटच्या पगाराच्या पावत्या वेगळ्या जपल्या गेल्या होत्या. त्यांवर नाव, सेवा क्रमांक आणि सेवामुक्तीची तारीख असते. वर उल्लेख केलेल्या पायदळी चिन्हाचीच गोष्ट घ्या. ते धारण करणाऱ्यास १९४४ पासून दरमहा १० डॉलर जादा मिळत. त्यामुळे चिन्ह दिल्याचा आदेश जळाला असला, तरी पगारपत्रकात त्या १० डॉलरांची खूण राहू शकते; तिच्यावरून चिन्ह सिद्ध होते आणि चिन्हावरून पदक. शौर्याची नोंद ठेवण्यात हयगय झाली असेल, पैशाची नोंद सहसा नीट ठेवली जाते.

१३/ मराठ्यांच्या इतिहासाचे वाचन करणाऱ्यांना हे ओळखीचे वाटेल. पुण्याच्या पेशवे दप्तरात बखरींसारखी रसाळ वर्णने नाहीत. तेथे मोठा भरणा हिशेबाच्या कागदांचा आहे. रोजकीर्दीतली एखाद्या शिलेदाराला दिलेल्या रकमेची रुक्ष ओळ, तो माणूस त्या दिवशी कोठे आणि कोणाच्या चाकरीत होता हे सांगून जाते. बखरकाराला वाचकावर छाप पाडायची असते. जमाखर्च लिहिणाऱ्याला फक्त बेरीज जुळवायची असते. म्हणूनच त्याची साक्ष अधिक निःपक्षपाती असते. सेंट लुईसच्या संशोधकांनी याच तत्त्वाचा आधार घेतला.

१४/ तिसरा साक्षीदार १९८८ साली अनपेक्षितपणे हाती आला. भूदलाच्या सर्जन जनरलच्या कार्यालयाने सांख्यिकीसाठी रुग्णालयांतल्या भरतीच्या नोंदी एकत्र केल्या होत्या. १९४२ ते १९४५ आणि १९५० ते १९५४ या काळातल्या अशा सुमारे १ कोटी नोंदी संगणकाच्या फितींवर होत्या. त्या अभिलेखागाराकडे आल्या आणि अनेकांच्या जखमांना, आजारांना प्रथमच कागदाचा आधार मिळाला. रोगांचे आकडे मोजण्यासाठी जमवलेली ही माहिती होती. ती कोणाच्या पदकासाठी उपयोगी पडेल, असे गोळा करताना कोणाच्या मनातही नसेल.

१५/ या फितींत एक अडचण होती. त्या नावाने लावलेल्या नव्हत्या. माणूस शोधायचा तो सेवा क्रमांकावरून. आपला क्रमांक पाठ असलेल्या सैनिकाला स्वतःची नोंद मिळण्याची आशा होती. पती वारल्यावर अर्ज करणाऱ्या विधवेला तो क्रमांक ठाऊक नसेल, तर नोंद अस्तित्वात असूनही तिच्यासाठी ती नसल्यासारखीच. सैनिकांच्या घरांत जुनी पाकिटे, ओळखीच्या चकत्या, युद्धकाळातली पत्रे का जपावीत, याचे उत्तर येथे आहे. त्या काळच्या पत्रांवर पाठवणाऱ्याचा क्रमांक आणि तुकडी लिहिलेली असे.

१६/ सेंट लुईसच्या आधी असाच घाला लंडनवर पडला होता. सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात अर्नसाइड स्ट्रीटवरच्या युद्धखात्याच्या कोठाराला आग लागली. पहिल्या महायुद्धात लढलेल्या सुमारे ६५ लाख ब्रिटिश सैनिकांची दप्तरे तेथे होती. त्यांतली बहुसंख्य गेली. जी अर्धवट जळून उरली, त्यांना ब्रिटिश अभिलेखागारात आजही ‘जळके कागद’ याच नावाने ओळखतात. मात्र पदकांच्या याद्या आणि सूचीची कार्डे वेगळीकडे होती, म्हणून ती वाचली. पुष्कळ सैनिकांच्या बाबतीत आज एवढीच नोंद शिल्लक आहे.

१७/ परिणामी ब्रिटनमध्ये उलटे घडले. सेवेवरून पदक सिद्ध करण्याऐवजी पदकावरून सेवा सिद्ध करावी लागते. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश पदकांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि रेजिमेंट ठोकून कोरलेली असे. ट्रंकेच्या तळाशी पडलेले आजोबांचे पदक म्हणूनच धातूतला दाखला ठरते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांना दिलेल्या मोहीमपदकांवर नावे कोरली नाहीत, आणि ती सामान्य सैनिकाला अर्ज केल्याशिवाय मिळतही नसत. भारतीय सैनिकांच्या पदकांवर मात्र तेव्हाही नावे घातली जात.

१८/ मग सरकारने सैनिकाच्या शब्दावर विश्वास का ठेवू नये? प्रश्न न्याय्य आहे, तसेच त्याचे उत्तरही. खोटे दावे होतात. अमेरिकेत न मिळवलेल्या पदकांच्या बढाया इतक्या वाढल्या की त्यांविरुद्ध कायदा करावा लागला. सर्वोच्च न्यायालयाने तो २०१२ मध्ये भाषणस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द केला. २०१३ मध्ये लाभासाठी केलेल्या खोट्या दाव्यापुरता तो पुन्हा आला. पदकाचे मोल ते खरोखर मिळवणाऱ्यांमुळे असते. पुराव्याची अट ही त्यांच्याच सन्मानाची राखण आहे. अडचण एवढीच की राखणदाराने स्वतःच किल्ली हरवलेली आहे.

१९/ दाद कोठे मागायची? १९४६ पूर्वी लष्करी नोंदीतली चूक दुरुस्त करण्यासाठी काँग्रेसमध्ये त्या एका माणसापुरते विधेयक आणावे लागे. १९४६ च्या कायद्याने हे काम लष्करी खात्यांतल्या नागरी मंडळांकडे सोपवण्याची वाट मोकळी केली. भूदलाचे असे मंडळ आजही आहे. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करावा अशी अट आहे, पण न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटल्यास मंडळ ती शिथिल करू शकते. सोबत्यांची शपथपत्रे, घरी पाठवलेली पत्रे, वर्तमानपत्रांतली कात्रणे असा दुय्यम पुरावा अर्जाला जोडता येतो.

२०/ पदके सैन्य देते. जखमांवरचे निर्वाहवेतन कल्याण खाते देते. त्या दुसऱ्या बाबतीत न्यायालयांनी एक महत्त्वाचे तत्त्व मांडले. ओ’हेअर विरुद्ध डर्विन्स्की या १९९१ च्या निकालात न्यायालय म्हणाले की सैनिकाच्या नोंदी सरकारच्या ताब्यात असताना नष्ट झाल्या असतील, तर दावा फेटाळताना कारणे सविस्तर देण्याची आणि संशयाचा फायदा सैनिकाला देता येईल का हे पाहण्याची सरकारची जबाबदारी वाढते. अमेरिकी कायद्यातही तरतूद आहे की दोन्ही बाजूंचा पुरावा समसमान असेल, तर कौल सैनिकाकडे जावा.

२१/ या तत्त्वाची मर्यादाही लक्षात घ्यावी. नोंदी जळाल्या म्हणजे त्यांत सैनिकाच्या बाजूचेच काही होते असे गृहीत धरावे, ही मागणी २००६ मध्ये क्रोमर विरुद्ध निकोल्सन या खटल्यात अपील न्यायालयाने नाकारली. सरकारला अधिक काळजी घ्यायला लावता येते, सैनिकाला आपोआप जिंकवता येत नाही. काहीतरी पुरावा त्याने आणायचाच. पण पुरावा उभा करण्याचे बळ प्रत्येकाकडे सारखे नसते, आणि येथून कहाणी आगीपलीकडे जाते.

२२/ हेन्री जॉन्सन हा न्यूयॉर्कमधल्या ऑल्बनीच्या रेल्वे स्टेशनवर हमाली करणारा कृष्णवर्णीय तरुण १९१७ मध्ये भरती झाला. अमेरिकी सैन्यात वर्णभेद होता. त्याची ३६९ वी रेजिमेंट लढण्यासाठी फ्रेंच सैन्याच्या हाताखाली देण्यात आली. मे १९१८ मध्ये आर्गोनच्या परिसरात पहाऱ्यावर असताना किमान १२ जर्मन सैनिकांची टोळी चालून आली. सोबती नीडहॅम रॉबर्ट्स घायाळ झाला होता. जॉन्सन आधी हातगोळे आणि बंदूक, मग बंदुकीचा दस्ता आणि शेवटी सुरा घेऊन लढला, आणि त्याने सोबत्याला शत्रूच्या हाती जाऊ दिले नाही. त्याला २१ जखमा झाल्या.

२३/ फ्रान्सने त्याला क्रॉ द गेर हे पदक दिले. त्याच्या स्वतःच्या देशाने हयातीत एकही शौर्यपदक दिले नाही. १९२९ मध्ये तो मरण पावला. पुढे त्याला पर्पल हार्ट मिळायला १९९६ उजाडले, डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस मिळायला २००२. सर्वोच्च सन्मान, मेडल ऑफ ऑनर, मात्र पुरेशा अधिकृत कागदांअभावी अडला होता. पुढे सिनेटर चार्ल्स शूमर यांच्या कार्यालयाने जुने दस्तऐवज शोधले. त्यांत घटनेनंतर काही दिवसांतच जनरल पर्शिंग यांनी पाठवलेले, जॉन्सनच्या पराक्रमाची वाखाणणी करणारे निवेदन होते.

२४/ काँग्रेसने मुदतीची अट शिथिल केली आणि २ जून २०१५ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी मरणोत्तर पदक जाहीरपणे प्रदान केले. घटनेला ९७ वर्षे झाली होती. कागदांच्या या काटेकोर तपासणीने एक दुःखद गोष्टही उघड केली : ज्या कुटुंबाने आपण त्याचे वंशज आहोत असे मानून हा लढा दशकानुदशके लढवला, त्यांचे त्याच्याशी रक्ताचे नाते वंशावळीत सिद्ध झाले नाही. न्यूयॉर्क नॅशनल गार्डच्या एका अधिकाऱ्याने पदक स्वीकारले. खऱ्या वीराला न्याय मिळवून देणाऱ्यांचा हक्क त्याच कसोटीवर नाकारला गेला.

२५/ जॉन्सनची अडचण आगीने निर्माण केलेली नव्हती. शिफारस त्याच वेळी लिहिली गेली नाही, हे मूळ. फ्रेडी स्टॉवर्स या दुसऱ्या कृष्णवर्णीय सैनिकाची शिफारस लिहिली गेली, पण तिच्यावर कार्यवाहीच झाली नाही. त्याला पदक १९९१ मध्ये मिळाले. पहिल्या महायुद्धासाठी मेडल ऑफ ऑनर मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय. म्हणजे अपूर्ण नोंदी दोन प्रकारच्या असतात : लिहून नंतर नष्ट झालेल्या, आणि मुळात न लिहिलेल्या. पहिल्या शोधता येतात. दुसऱ्यांसाठी फार थोडे हाती लागते.

२६/ हा दुसरा प्रकार आपल्याला जवळचा आहे. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. १९१६ मध्ये कूतला शरण गेलेल्या फौजेतही त्या होत्या. बसऱ्याच्या युद्धस्मारकावर ब्रिटिशांची नावे कोरली गेली, भारतीय अधिकाऱ्यांचीही. साध्या भारतीय शिपायांची मात्र संख्या तेवढी घातली. युद्धस्मारकांची देखरेख करणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१ मध्ये कबूल केले की किमान १,१६,०००, कदाचित ३,५०,००० पर्यंत मृतांचे नावाने किंवा अजिबातच स्मरण झालेले नाही. त्यांत आफ्रिका आणि मध्यपूर्वेतले लोक प्रामुख्याने होते. लढाऊ सैनिकांना ब्रिटिश वॉर मेडल चांदीचे मिळे. भारतीय लेबर कोअरच्या मजुरांना तेच पदक काशाचे.

२७/ स्वतंत्र भारतातही हा प्रश्न न्यायालयात आला, स्वातंत्र्यसैनिकांच्या निमित्ताने. १९७२ च्या निवृत्तिवेतन योजनेसाठी तुरुंगवासाचा दाखला लागे. तुरुंगांची दप्तरे मात्र जागोजाग हरवलेली. निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या आर्य समाजाच्या सत्याग्रहींचा दावा मुकुंदलाल भंडारी खटल्यात १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे होता. अर्जाला उशीर झाला म्हणून सन्मान नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. पुढे २००१ च्या गुरदयाल सिंग निकालात ते म्हणाले की येथे फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा मागू नये. उपलब्ध साक्षींवरून दावा संभाव्य वाटत असेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत तो मान्य करावा.

२८/ या सगळ्या कहाण्यांत एक समान धागा आहे. दप्तर सरकार लिहिते, सरकार सांभाळते, सरकार हरवते; आणि पुरावा मात्र ज्याने ते कधी पाहिलेही नाही त्याच्याकडे मागितला जातो. पुरावा मागणे चूक नाही. पण एक कागद नाही म्हणून शोध तिथेच थांबवणे चूक आहे. पगारपत्रक, रुग्णालयाची वही, रोजचा अहवाल, सोबत्याची साक्ष : हे कागद शोधण्याचे श्रम कोणी करायचे, यावर न्याय मिळणार की नाही हे ठरते. सेंट लुईसच्या कर्मचाऱ्यांनी ते श्रम आपले मानले, म्हणून असंख्य सैनिकांना सेवेचा दाखला पुन्हा मिळाला.

२९/ तुमच्या घरात कोणी सैन्यात होते का? मग पुढच्या सुट्टीत एवढे करा. सेवामुक्तीचे पुस्तक, पत्रे, पदके आणि छायाचित्रांच्या मागची बाजू यांची स्वच्छ छायाचित्रे काढा. सेवा क्रमांक, पलटण आणि तारखा एका जागी लिहून ठेवा. हयात असतील तर त्यांच्या सोबत्यांची नावेही विचारा. उद्या तेच साक्षीदार असतील. काही राहून गेले असेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, किंवा संबंधित रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाशी पत्रव्यवहार करा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावला आहे, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला.

३०/ सेंट लुईसच्या संग्रहात कडा जळालेले कागद आजही हातमोजे घालून एकेक करून वेगळे केले जातात. त्यांवरचे बहुतेक सैनिक आता या जगात नाहीत. तरी अर्ज येतच असतात. आता ते मुले आणि नातवंडे करतात. पदकाच्या धातूची किंमत फार नाही. आपला माणूस तेथे होता, हे सरकारने एकदा लेखी म्हणावे, एवढीच त्यांची मागणी असते.